अर्धवट राहिलेलीं विमानें

इंग्लंडांत पन्नाशीच्या आसपासच्या पुरुषांचा असा एक वर्ग आहे कीं, जो रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे टेबलावर जुनें वर्तमानपत्र पसरतो, दिवा जवळ ओढतो, चष्म्यावर आणखी एक भिंग चढवितो आणि वीतभर विमान जोडूं लागतो. हें विमान उडत नाहीं. त्याला यंत्र नाहीं, किल्ली नाहीं. तें पुरें झालें म्हणजे फळीवर ठेवावयाचें, एवढाच त्याचा उपयोग. हीं माणसें नवशिकीं नव्हत. आठ-दहा वर्षांचीं असतांना त्यांनीं अशीं विमानें डझनांनीं जोडलेलीं असतात. पुढें शाळा संपते, नोकरी लागते, संसार सुरू होतो आणि विमानें पोटमाळ्यावर जातात. मग केव्हां तरी मुलें आपापल्या वाटेला लागतात, संध्याकाळ मोकळी सांपडूं लागते आणि दुकानाच्या कांचेआडून एखादें ओळखीचें चित्र डोळ्यांत भरतें. २०२० सालच्या साथींत घराबाहेर पडण्याची बंदी असतां असे परतणारे पुष्कळच निघाले. परतणें सोपें असतें; पेटी विकत घेतली कीं झालें. विमान पुरें करणें मात्र अवघड जातें. ज्याचा हात लहानपणीं एका दुपारीं एक विमान उरकीत असे, त्याचाच हात आतां एकेका विमानावर वर्ष वर्ष कां अडावा, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं.

या विमानांचें माप ठरलेलें असतें. सर्वांत रुळलेलें प्रमाण म्हणजे एक बहात्तरांश: खऱ्या विमानाची सहा फूट लांबी प्रतिकृतींत एक इंच होते. सहा फुटी वैमानिक इंचभर उंचीचा, असा हा सोपा हिशेब. १९३० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत जेम्स हे स्टीव्हन्स या इंग्रज गृहस्थानें ‘स्कायबर्ड्स’ या नांवाचे लांकडी विमानांचे जे संच तयार केले, त्यांनीं हें प्रमाण रूढ केलें. आणि १९३६ मध्यें ‘फ्रॉग पेंग्विन’ या नांवाखालीं त्याच मापाचीं प्लॅस्टिकचीं विमानें आलीं. पुढें महायुद्ध पेटलें तेव्हां हें खेळणें कामाला जुंपण्यांत आलें. आकाशांत दिसणारें विमान शत्रूचें कीं स्वतःचें, हें तोफेजवळच्या माणसाला नुसत्या आकृतीवरून ओळखतां यावें, म्हणून अमेरिकन आरमारानें १९४२ मध्यें तेथील शाळांतील मुलांकडे पांच लाख विमानें याच मापानें लांकडांत कोरून मागितलीं. मापाची मौज अशी कीं, असें विमान पस्तीस फुटांवरून पाहिलें तर खरें विमान २,५२० फुटांवर, म्हणजे जवळजवळ अर्ध्या मैलावर, जेवढें दिसेल तेवढेंच दिसतें.

परंतु हा छंद घरोघर नेला तो एअरफिक्स या कंपनीनें. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या गृहस्थानें ती १९३९ मध्यें इंग्लंडांत काढली. आरंभीं ती हवेनें फुगणारीं रबरी खेळणीं करी, नंतर केसांच्या फण्या करूं लागली. विमानांशीं तिचा कांहींहि संबंध नव्हता. १९५२ मध्यें तिनें ड्रेकच्या ‘गोल्डन हाइंड’ जहाजाचा संच वूलवर्थच्या दुकानांतून दोन शिलिंगांना विकावयास काढला, आणि पुढें स्पिटफायर विमान आणलें. मुलाच्या हातखर्चांत बसेल अशी ती किंमत होती. त्या पहिल्या स्पिटफायरचा आकार खऱ्याशीं फारसा जुळत नव्हता. पण दहा वर्षांच्या मुलाला त्याचें सोयरसुतक नव्हतें. त्याला भुरळ घाली तें पेटीवरचें चित्र. १९६४ पासून दहा वर्षें हीं चित्रें रॉय क्रॉस यांनीं काढलीं. १९२४ मध्यें जन्मलेले हे चित्रकार शंभर वर्षांचें आयुष्य भोगून २०२४ मध्यें वारले, तेव्हां पांढऱ्या केसांच्या कित्येक लोकांना आपल्या बालपणींचें एक माणूस गेल्यासारखें वाटलें.

मुलाची पद्धत धसमुसळी असे. भाग चौकटीवरून पिरगाळून तोडावयाचे. डिंकाची नळी दाबावयाची. डिंकाची तार पंखावरून निघून वैमानिकाच्या कांचेवर जाई आणि तेथें अंगठ्याचा ठसा कायमचा उमटे. रंग कुंचल्यानें एकदांच, जाड थराचा. पहिला रंग वाळण्याची वाट पाहणें त्याला ठाऊक नव्हतें. रविवारीं जेवणानंतर पेटी उघडली तर चहाच्या वेळीं विमान दोऱ्यानें आढ्याला लोंबकळत असे, आणि तें पाहून मुलाला पूर्ण समाधान होई. श्रोत्यांपैकीं ज्यांचें बालपण १९६० ते १९८० च्या दरम्यान मुंबई-पुण्यास गेलें, त्यांना परदेशी मालाची तेव्हांची टंचाई आठवत असेल. विलायतेहून येणाऱ्या एखाद्या काकांच्या सामानांतून अशी पेटी आली, तर तिचें दर्शन घेण्यास सारी चाळ जमे. एन्. सी. सी. च्या हवाई शाखेंतील मुलें बाल्सा लांकडाचीं विमानें करीत, परंतु तीं उडविण्यासाठीं. तो या छंदाचा चुलतभाऊ म्हणावा.

तीस-पस्तीस वर्षांनीं परतलेल्या गृहस्थाला ओळखीचें जग सांपडत नाहीं. विलायतेंतलीं वूलवर्थचीं दुकानें २००९ च्या आरंभीं कायमचीं बंद झालीं. एअरफिक्स १९८१ मध्यें बुडाली, एका हातांतून दुसऱ्या हातांत गेली आणि २००६ मध्यें हॉर्नबी या आगगाड्यांच्या खेळण्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या कंपनीकडे आली. संचांचे सांचे आतां संगणकाच्या साह्यानें कोरले जातात. पूर्वीं जेथें एक खुर्ची आणि तींत बसविलेला एक निर्विकार वैमानिक एवढाच ऐवज असे, तेथें आतां पायपट्ट्या, तरफा, घड्याळांची फळी असे दहा-पंधरा भाग निघतात. त्यानेंहि भागत नसेल तर वैमानिकाच्या कमरपट्ट्याचें बक्कल पितळेच्या पत्र्यांतून आम्लानें कोरलेलें निराळें विकत मिळतें. न्यूझीलंडचे चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांना पहिल्या महायुद्धांतील विमानांचें वेड. त्यांनीं त्यापायीं ‘विंगनट विंग्ज’ नांवाची कंपनीच काढली. २००९ मध्यें तिचे संच बाजारांत आले आणि २०२० मध्यें ती बंद पडली. तिचे संच आजहि लोक दागिन्यांसारखे जपून ठेवतात.

बाहेरचें जग बदलतें तसा देहहि बदललेला असतो. चाळिशीनंतर जवळचें दिसेनासें होतें, आणि तांदुळाच्या कणीएवढा भाग चिमट्यांतून उडाला कीं तो सतरंजींत कोठें गेला याचा पत्ता लागत नाहीं. या लोकांत सतरंजीखालीं एक दैत्य राहतो अशी थट्टा आहे. दर विमानामागें त्याला एक तरी नैवेद्य द्यावा लागतो. बॅटरी घेऊन गुडघ्यांवर रांगणारा यजमान पाहून घरांतील मंडळी काय म्हणत असतील तें सांगावयास नको. तथापि या अडचणींना उपाय आहेत. भिंग आहे, मनगटें टेबलाच्या कडेवर टेकण्याची युक्ति आहे, आणि मुलाजवळ नव्हती ती सबुरी आहे.

साधनें तर पूर्वींपेक्षां सोपीं झालीं आहेत. हीं विमानें पॉलिस्टायरीन नांवाच्या प्लॅस्टिकचीं असतात. त्यांचा ‘डिंक’ हा खरें पाहतां डिंक नव्हेच. तो प्लॅस्टिक विरघळविणारा द्रव आहे. दोन कडांचे पृष्ठभाग त्यानें मऊ होऊन एकमेकांत मिसळतात आणि द्रव उडून गेला कीं दोहोंचें एक होतें. नळींतला दाट डिंक मुलाच्या हातीं पाझरत असे. आतां पाण्यासारखा पातळ द्रव मिळतो: धडाचीं दोन अर्धीं कोरडींच जुळवून धरावयाचीं आणि सांध्यावर कुंचल्याचें टोंक नुसतें टेकावयाचें, द्रव आपोआप फटींतून सरसर ओढला जातो. वातींत तेल चढतें त्याच न्यायानें. मग उरलेल्या फटींत लांबी भरावी, पाणकागदानें घासावी आणि वर राखी अस्तर मारावें. अस्तर मोठें स्पष्टवक्तें असतें. जो सांधा बोटाला लागत नव्हता तो त्याखालीं लगेच दिसतो. रंग आतां पाण्यांत मिसळणारेहि मिळतात, आणि दुधाइतका पातळ करून हवेच्या दाबानें फवारतां येतात. शेवटीं पाण्यांत भिजवून चिकटविण्याचीं निशाणें. तीं खरखरीत रंगावर लावलीं तर खालीं हवा अडकून चांदीसारखी चकाकते. म्हणून आधीं चकचकीत रोगणाचा हात, मग निशाणें, आणि त्यावर पुन्हां बिनचकाकीचें रोगण. हें सारें एका महिन्यांत शिकतां येण्याजोगें आहे.

मग घोडें अडतें कोठें? तें अडतें ज्ञानापाशीं.

मुलाच्या लेखीं स्पिटफायर हिरवें आणि तपकिरी होतें. परतलेला गृहस्थ प्रथम पुस्तक उघडतो. पुस्तकांत लिहिलेलें असतें कीं, १९४० च्या जूनपासून ब्रिटिश लढाऊ विमानांच्या पोटाला ‘स्काय’ नांवाचा फिकट हिरवट रंग द्यावा असा हुकूम झाला. त्यापूर्वीं पोट अर्धें काळें, अर्धें पांढरें असे. परंतु त्या रंगाचा पुरवठा अपुरा पडला आणि ठिकठिकाणीं जुळवाजुळव करून निरनिराळ्या छटा लावण्यांत आल्या. मग ऑगस्टमधील अमुक विमानाचें पोट नेमकें कोणत्या छटेचें? कृष्णधवल छायाचित्रावरून तें ठरत नाहीं. शिवाय एक पंथ म्हणतो कीं, खरा रंग लहान वस्तूवर अधिक गडद भासतो म्हणून त्यांत थोडा पांढरा मिसळावा. दुसरा पंथ म्हणतो, मिसळूं नये. असा वाद रंगांत आला असतां रंगाची डबी मात्र न उघडलेलीच राहते.

बहात्तराचा पाढा तर फारच निर्दय आहे. जुन्या संचांत पंखांवर खिळ्यांचीं टोपें उठावदार असत. अर्ध्या मिलिमीटरचें टोपण बहात्तरपटीनें ३६ मिलिमीटर होतें. एवढ्या खिळ्यांचें विमान कोणीं उडविलें असतें? म्हणून तीं सर्व घासून काढावयाचीं. नव्या संचांत पत्र्यांचे सांधे खोदलेले असतात, पण ०.२ मिलिमीटरची खोदरेघ म्हणजे खऱ्या विमानावर जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट. रंगाचा थर मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढा धरला, तरी तो खऱ्या विमानावर साडेतीन मिलिमीटरांहून जाड गिलावा होईल. ज्यानें एकदां हा गुणाकार केला त्याला कोणतीच प्रतिकृति खरी वाटत नाहीं. वस्तुतः ती खरी असूंच शकत नाहीं. पण हें उमगण्याआधीं बिचाऱ्यानें धडाचीं दोन अर्धीं तीन वेळां घासलेलीं असतात, पितळी बक्कल मागविलेलें असतें आणि विमान एका फळीवर जाऊन बसतें. या लोकांच्या बोलींत त्या फळीला ‘अभागी फळी’ अशा अर्थाचें नांव आहे. तिच्यावरून फारच थोडीं विमानें परत खालीं येतात.

एक विमान अडलें म्हणजे मनुष्य काय करतो? दुसरी पेटी विकत घेतो. नवी पेटी विकत घेण्यांत विमान पुरें केल्याचा निम्मा आनंद असतो आणि कष्ट मुळींच नसतात. पेट्यांवर पेट्या चढतात. कपाटें भरतात, पलंगाखालची जागा भरते. या मंडळींत एक थट्टेचा शब्द रूढ आहे, त्याचा अर्थ असा कीं, अमक्याजवळचा सांठा त्याच्या उरलेल्या आयुष्यांत संपणारा नाहीं. थट्टा खरी, पण तिच्यांतला हिशेब खरा आहे. समजा, पंचावन्न वर्षांच्या गृहस्थाजवळ दोनशें पेट्या आहेत आणि तो वर्षाला चार विमानें पुरीं करतो. त्याला पन्नास वर्षें हवींत. तोंवर डोळे कोणाचे टिकतात? विलायतेंत या छंदाचीं मंडळें आहेत, त्यांचीं प्रदर्शनें भरतात, आणि तेथें कधीं कधीं एका टेबलावर न उघडलेल्या पेट्यांची रास स्वस्त भावानें विकावयास ठेवलेली असते. ती कोणा दिवंगत सभासदाची असते; त्याच्या पत्नीला त्यांचें काय करावें हें सुचत नाहीं, म्हणून मित्र विकून देतात. घेणारेहि साठीचेच असतात.

ज्ञानानें एवढाच घोटाळा केला असता तर तें टाकून देणेंच बरें होतें. पण मुलाला न दिसलेली एक गोष्ट तें दाखवितें. मुलाला विमान दिसे. प्रौढाला आंतला माणूस दिसतो. हरिकेन जातीच्या विमानाची पेटी घ्या. निशाणांत पी ३५७६ हा आंकडा निवडला म्हणजे तें जेम्स निकल्सन या २३ वर्षांच्या वैमानिकाचें विमान होतें. १६ ऑगस्ट १९४० रोजीं साउदॅम्प्टनच्या आकाशांत तें पेटलें. निकल्सन बाहेर उडी टाकण्याच्या बेतांत असतां समोर शत्रूचें विमान आलें. तो पुन्हां त्या आगींत बसला, त्यानें गोळ्या झाडल्या आणि मगच उडी घेतली. त्याचे हात भाजून निघाले होते. ब्रिटनच्या लढाऊ विमानदलांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला तो संबंध युद्धांतला एकच वीर. तो बरा झाला, पुढें ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेला, आणि युद्ध संपत आलें असतां २ मे १९४५ रोजीं एका बाँबफेकी विमानांत निरीक्षक म्हणून गेला असतां तें विमान बंगालच्या उपसागरांत पडून नाहींसा झाला. सतरा सेंटिमीटर पंखांच्या त्या प्रतिकृतींत वैमानिकाची जागा करंगळीच्या नखाएवढी असते. तेथें कुंचला नेतांना हें ठाऊक असलेल्या माणसाचा हात निराळ्या रीतीनें चालतो, आणि तो तसा चालावा यांत वावगें कांहीं नाहीं.

परतलेल्यांपैकीं जे सावरतात ते बहुधा एखाद्या छायाचित्रानेंच सावरतात. १९४४ च्या जूनमध्यें नॉर्मंडीवर स्वारी व्हावयाची होती. आपल्याच तोफांनीं आपलींच विमानें पाडूं नयेत म्हणून दोस्तांच्या विमानांचे पंख आणि धड यांवर काळे-पांढरे पट्टे ओढण्याचा हुकूम स्वारीच्या अगदीं तोंडावर, गुप्ततेसाठीं शेवटच्या क्षणीं, सुटला. एका रात्रींत हजारों विमानें रंगवावयाचीं. जें हातीं लागलें त्या कुंचल्यानें माणसांनीं पट्टे ओढले. छायाचित्रांत ते स्पष्ट दिसतात: कडा वांकड्या, रंग ओघळलेले, कोठें पांढऱ्यांतून खालचा हिरवा डोकावतो आहे. एका यंत्राच्या विमानावर पट्ट्याची रुंदी १८ इंच ठरलेली होती. एक बहात्तरांश मापांत ती पाव इंच येते. परतलेला गृहस्थ चिकटपट्टी लावून, भिंगांतून पाहून, पाव इंचाचे पांच पट्टे सुईच्या टोंकासारख्या धारेनें ओढतो. आणि मग छायाचित्र शेजारीं ठेवतो तेव्हां त्याच्या ध्यानांत येतें कीं, दहा वर्षांच्या मुलानें घाईघाईनें रंगविलेलें विमान या एका बाबतींत खऱ्याच्या अधिक जवळ होतें.

मराठी माणसानें या वाटेनें परतावयाचें तर त्याच्यासाठीं एक विमान जणुं राखून ठेवलेलें आहे. ब्रिटिश विमानदलाच्या १३२ क्रमांकाच्या तुकडीचें नांव ‘सिटी ऑफ बॉम्बे’ असें होतें. १९४१ मध्यें ती पुन्हां उभी राहिली ती स्पिटफायर विमानें घेऊन; नॉर्मंडीच्या स्वारींत ती होती, आणि तिच्या विमानांच्या धडावर एफ्. एफ्. हीं अक्षरें असत. मुंबईचें नांव वागविणारें आणि वांकड्या पट्ट्यांचें तें विमान १५.६ सेंटिमीटर पंखांचें होतें. पितळी बक्कल नको, ज्यादा भाग नकोत. पेटींत असेल तेवढें पुरे. जाणते लोक नवागताला सांगतात कीं, परतल्यावरचें पहिलें विमान साधें, स्वस्त आणि लहान असावें, तारीख ठरवून पुरें करावें, आणि तें पुरें होईपर्यंत दुसरी पेटी घरांत आणूं नये. यांतला शेवटचा नियम फार थोडे पाळतात. शेवटचा पांढरा पट्टा ओढून झाल्यावर मात्र पंखाला सकाळपर्यंत हात लावूं नये, एवढें सर्वांनाच पाळावें लागतें. कारण रंग ओला असतो, आणि अंगठ्याचा ठसा पन्नासाव्या वर्षींहि दहाव्या वर्षींच्या इतकाच स्वच्छ उमटतो.